कोंडाबाईचा सव्वा महिना

अधिक महिना साऱ्या जगाला तीन वर्षांनी एकदा येतो. आमच्या तळेघराकडच्या कोंडाबाईला तो दर बाळंतपणाला यायचा.

आमच्याकडची रीत अशी की बाळंतिणीने सव्वा महिना, म्हणजे चाळीस दिवस, घागरीला हात लावायचा नाही. चाळीस भरले की तिने हळदकुंकू घेऊन विहीर पुजायची, पहिली घागर भरून डोक्यावर आणायची आणि मग पदर खोचून कामाला लागायचं. सुईण आपलं काम उरकून निघून जाई. पुढचं न्हाऊ घालणं, शेक देणं, ओव्याची धुरी देणं सगळं कोंडाबाईकडे, आणि दिवस मोजणंही तिच्याकडेच. रोज बाळंतिणीचं न्हाणं झालं की ती गेरूत बोट बुडवून भिंतीवर एक ठिपका द्यायची. पण तिचे चाळीस ठिपके पुरे व्हायला कधी पंचेचाळीस दिवस लागत, कधी पन्नास, आणि एका घरात तर म्हणे बासष्ट लागले होते.

"ह्यो दिस धरायचा न्हाई," असं म्हणून ती गेरूचं खापर खुशाल पालथं घालायची.

न धरायच्या दिवसांची तिची यादी मोठी होती. अमावास्या धरायची नाही. पावणे आले तर तो दिवस पावण्यांचा. मुसळधार पाऊस लागला तर तो पावसाचा. पोराने रात्रभर जागवलं तर दुसरा दिवस झोपेचा. आणि बाळंतीण रडली, तर तो दिवस उगवलाच नाही असं समजायचं. "रडल्याला दिस सटवाई पुसून टाकती," हे ती अशा थाटात सांगायची, की जणू सटवाई कालच तिच्याकडे मिसरी मागायला येऊन गेली.

माझे सासरे म्हणायचे, "कोंडीला यमाकडं कारकून म्हून लावा, गाव अमर व्हईल."

अंगाने ती किडकिडीत, कमरेत वाकलेली, पण बाळंतिणीच्या दारात बैठक मारली की घरधन्यालासुद्धा विचारून आत जावं लागे. शेजारच्या एका गृहस्थाने दहाव्या दिवशीच बायकोला पाण्याला धाडायचं काढलं. कोंडाबाई उंबऱ्यावरून हलली नाही. "म्हस याली तवा आठ दिस गुळाचं पानी पाजलंस. बायकू काय म्हशीपरास हलकी व्हय रं? तुला लई घाई आसंल तर तूच जा." बायको ऐकत होती, शेजारी ऐकत होते, बिचारा रागारागाने घागर उचलून निघाला. पाणवठ्यावरच्या बायका बाजूला सरल्या आणि एकीने डोक्यावरचा पदर सारखा करत म्हटलं, "वैनी, आदी तुमी भरा." त्या गृहस्थाला पुढे पिकल्या केसांपर्यंत लोक मागून 'वैनी' म्हणत. पाणी मात्र त्याने महिनाभर भरलं.

मी या घरात नांदायला आले ती पंधरा वर्षांची. माझे वडील जुन्नरच्या शाळेत मास्तर. त्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं आणि सासरी पाठवताना पेटीत एक पंचांग घातलं. सबंध वाडीत तिथी वाचणारी बाई मी एकटी. शेजारणी उपासतापास विचारायला यायच्या आणि मी पान उलटून सांगायची. विद्या थोडी आणि मिजास फार, असा तो कारभार होता.

दुसऱ्या साली ज्येष्ठ शुद्ध पंचमीला माझ्या थोरल्या जाऊबाई, सगुणाबाई, बाळंत झाल्या. पोर तिसरं. आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. दोन दिवस अडल्या होत्या. रक्त इतकं गेलं की सुईणीनेही तोंड फिरवून डोळे पुसले. मुलगी झाली, दोघी वाचल्या, पण सगुणाबाईंचे ओठ पुढे महिनाभर पांढरेच होते. उठून बसल्या की भिंत धरायच्या. कोंडाबाई त्यांना नाचणीची पेज स्वतः भरवायची आणि ठिपके देताना नेहमीपेक्षा जास्त कंजुषी करायची.

आषाढात लावणी आली. भाताच्या रोपांचं आवण वाढून पिवळं पडायला लागलं, खाचरं पाण्याने भरली, आणि आमच्याकडे हात कमी. माझ्या सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे आधी सांगते. पण भात चुकलं तर वर्ष चुकलं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. एके दिवशी दुपारी सगळे जेवायला ओटीवर जमले असताना त्यांनी विचारलं, "कोंडे, किती झालं गं?"

"येकतीस," कोंडाबाई म्हणाली.

"आसं कसं? मला तर लई दिस झाल्यावानी वाटत्यात."

"मधी पाऊस किती झाला? ते दिस धरायचं न्हाईत."

तिथे गप्प बसले असते तर माझं काय जात होतं? पण मी उठले, पेटीतून पंचांग आणलं आणि सासऱ्यांपुढे बोट ठेवून दाखवलं, की पंचमीला पोर झाली, पौर्णिमेला चाळीस भरले, आज वद्य द्वितीया. मला वाटलं, म्हातारीची गंमत उडवू. ओटीवर हशा पिकला. सासरे मांडीवर थाप मारून म्हणाले, "मास्तराची पोर हाय! कोंडे, तुजं दुकान बंद!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कोंडाबाई हसली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "पोरी, तुला आकडं येत्यात. बाळंतपण आजून यायचंय." आणि खापर उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंनी विहीर पुजली. पहिली घागर आणताना वाटेत तीनदा थांबल्या. मी मागून हळदकुंकवाचं ताट घेऊन चालत होते. तिसऱ्या दिवसापासून डोक्यावर इरलं घालून त्या आमच्याबरोबर खाचरात वाकल्या. एकदाही कुरकुरल्या नाहीत. चौथ्या दिवशी संध्याकाळी बांधावर बसल्या त्या उठेनात. अंग खाली उतरलं होतं, गर्भाची पिशवी जागची सरकली होती. आम्ही त्यांना घोंगडीत घालून घरी आणलं.

त्या जगल्या. पुढे तीस-बत्तीस वर्षं जगल्या. पण भरली घागर पुन्हा उचलता आली नाही, आणि चालायच्या त्या कायम एक हात पोटाखाली दाबून. मला त्या कधी काही बोलल्या नाहीत. मीच एकदा रडत विषय काढला, तर म्हणाल्या, "तू काय खोटं बोलली व्हतीस का?" हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. आजतागायत वाटलेलं नाही.

त्या आठवड्यात मी एक उद्योग केला. पाणवठ्यावर, चुलीपाशी, जिथे बाया भेटतील तिथे विचारत सुटले, तुझं पोर कोणत्या महिन्यातलं आणि कोंडाबाईने किती दिवस बसवलं? माघातल्या बाळंतिणींचे चाळीस दिवस चाळीसच भरले होते. चैत्रातल्यांचेही. त्या दिवसांत पावणे येत नव्हते, पोरं जागवत नव्हती की बाया रडत नव्हत्या, असं थोडंच आहे? लांबायचे ते लावणीतले आणि कापणीतले महिने, आणि शेवटचा ठिपका पडायचा तो शेतातलं काम हातावेगळं झाल्यावर. सगळ्या गावाने जिला अडाणी म्हणून हसून घेतलं, तिची मोजणी माझ्या पंचांगापेक्षा पक्की होती.

मी तिच्या घरी गेले. एकटीच राहायची. ती नाचणी पाखडत होती. मी पायाशी बसले आणि म्हटलं, "आजी, माझं चुकलं."

"तुजं न्हाई चुकलं. मीबी बरूबरच मोजलं व्हतं," ती म्हणाली. सूप थांबलं नाही. "माज्या सुनंचं. आवण पिवळं पडलं व्हतं. धनी म्हनला, ऱ्हाऊ दे तिला. मी म्हनलं, आमी न्हाई का उतरलो? बाराव्या दिशी उतरवली खाचरात. नीट बारा मोजलं, येक चुकला न्हाई. पंधराव्या दिशी गेली."

मुलगा त्याच साली मुंबईला गेला तो परतला नाही. तान्ही मुलगी, कोंडाबाईची नात, तिच्या मामाने ओतूरला नेली. एकदा ही म्हातारी दोन दिवस चालून नातीला बघायला गेली होती. मामाने दारातूनच परत लावली.

मग तिने सूप खाली ठेवलं. "तू लिवतीस न्हवं? बाजारला गेल्याला मानूस सांगत व्हता, नात बाळंत झालीया. मामाकडंच हाय. आता तिकडं बाजरीची खुरपनी आसंल. मामीच्या घरचं बाळंतपन, तू समज. येक कागुद लिव. म्हनावं, पंचांगात निगालंय, औंदा भादवा सरंस्तोर बाळंतिनीनं हीर पुजू ने."

मी नव्या बादशहाच्या चित्राचं टपालाचं कार्ड काढलं आणि वडिलांच्या भाषेत लिहायला बसले. 'आषाढात प्रसूत झालेल्या स्त्रीने भाद्रपद संपेतो जलपूजन करू नये, घागर उचलू नये, शेतात पाऊल टाकू नये. अन्यथा तिच्या प्रकृतीस बाधा संभवते.' वाचून दाखवलं तर म्हातारीने मान हलवली.

"बाईला बाधा व्हईल म्हनलं तर कोन ऐकतंय? पिकाला व्हईल म्हून लिव."

मी 'तिच्या प्रकृतीस' खोडलं आणि 'पिकास' घातलं. पंचांगाचं नाव घेऊन मी लिहिलेलं ते पहिलं खोटं. अक्षर मात्र वळणदार काढलं.

"खाली नाव कुणाचं घालू?"

तिने कार्डाच्या एका कोपऱ्यात बोट ठेवलं, मग उचललं. "माजं नगं. माजं नाव बगितलं की फाडत्याल."

माझं नाव घालण्यात अर्थ नव्हता. सोळा वर्षांच्या पोरीचं शास्त्र कोण ऐकणार? तसंच कार्ड टाकलं.

त्यानंतर टपालवाला खालून येऊन गेला की कोंडाबाई काठी टेकत आमच्या ओटीवर यायची. पाय धुवायची, पाणी प्यायची, सगुणाबाईंच्या पोरीला मांडीवर घ्यायची आणि निघताना सहज आठवल्यासारखं विचारायची, "वतूरचं आलं का गं काई?"

बिननावी पत्राला उत्तर कुणाला आणि कुठे धाडतील, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मला ते कार्ड टाकतानाच ठाऊक होतं.

"येईल, आजी," मी म्हणायची. "पावसाने वाटा बंद आहेत." पुढे थंडी पडली, वाटा सुकल्या, तरी मी तेच म्हणायची आणि ती मान डोलवायची.