बापूकाकांची दुसरी फळी

जानेवारीतला रविवार. हजर: मी, आमचे हे, सासूबाई, शेजारचे बापूकाका आणि बाभळीच्या दोन फळ्या.

फळ्यांची नोंद चुकून झालेली नाही. बापूकाका फळ्यांशिवाय जीप बाहेर काढत नाहीत. एक जाड, जॅकखाली घालायची. दुसरी रुंद, पोत्यात गुंडाळलेली. ती कधी बाहेर निघालेली मी पाहिली नव्हती.

बापूकाका सरकारी खात्यातून निवृत्त झाले, जीप मात्र झाली नाही. “आधी बूड, मग उचल,” हे त्यांचं पालुपद. नेकनूरच्या एका लग्नात स्टेजवरचा सोफा डुगडुगत होता. काका गाडीतून जाड फळी घेऊन आले आणि नवरा-नवरीला म्हणाले, “उतरा खाली. माणूस बसलेलं असताना मी कायबी उचलत न्हाई.” दोघं हार सावरत उतरली. सोफा स्थिर झाला, मग पुढचे आहेर.

तर त्या रविवारी आम्ही हुरड्याला निघालो होतो. कुणाच्या तरी ज्वारीचं पाणी बांध फोडून गाडीवाटेवर आलेलं. त्या काळ्या चिखलातच मागचं चाक पंक्चर झालं.

“समदे खाली!” काका म्हणाले. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले केले. काढलेली स्टेपनी गाडीखाली सरकवली. “जॅक निसटला तर गाडी हिच्यावर बसंल, माज्यावर न्हाई.”

सासूबाईंचे गुडघे दुखत होते. त्या म्हणाल्या, “बापू, ती रुंद फळी दे की. टेकते जरा.”

“तिच्यावर न्हाई, आक्का.” काकांनी स्वतःचा पांढरा रुमाल बांधावर अंथरला. “हितं बसा.”

जाड फळीवर जॅक चढू लागला. गाडी उचलण्याऐवजी फळीच एका बाजूनं चिखलात गेली. जॅक कलला. काकांनी लगेच खाली घेतला.

आमचे हे एक चपटा दगड घेऊन आले. “काका, हा घाला.”

“रमेश, चाकाआड दगड चालतो. जॅकखाली न्हाई. फुटला की गाडी कुणाची न्हाई.”

“मग ती दुसरी फळी कावून नुसती फिरवता?”

काका कपाळावरचा घाम पुसत पोत्याकडं बघत राहिले. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “शांता बसायची तिच्यावर. जॅक लावला की बापू तिला गाडीतून उतरवायचा. तिला नुसत्या जमिनीवर बसवत नसे, म्हणून त्यानं ही कापून आणलेली.”

शांताकाकूंना जाऊन तिसरं वर्ष चालू होतं.

काकांनी पोतं सोडलं. बाहीनं फळी पुसली. मध्यभागी ती बसून-बसून गुळगुळीत झाली होती. त्यांनी चिखल सपाट केला, रुंद फळी खाली, तिच्यावर जाड. “आता बूड झालं,” ते म्हणाले, पण नेहमीच्या जोरात नाही.

गाडी सरळ उचलली गेली. चाक बदललं. जॅक उतरवला तेव्हा रुंद फळी लांबीत तडकलेली दिसली. “अरेरे,” हे पुटपुटले.

“कामालाच आली की,” काका म्हणाले. शेतावर गेल्यावर त्यांनी विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्यात ती धुतली आणि हुरडा भाजायच्या आगटीजवळ ठेवली. “आक्का, बसा आता. जपून, चिमटा बसंल.” सासूबाई बसल्या. काका त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि कणसं चोळून पहिला गरम हुरडा त्यांच्या हातावर ठेवला.

घरी आल्यावर मी कामांच्या यादीत लिहिलं: फळीला खालून पट्ट्या मारून घेणे. सुताराशी बोललेही. तो म्हणाला, एक-दोन दिवस ठेवून जा.

काकांना हे सांगितलं, तेव्हा ते जीपची काच पुसत होते. फळी पोत्यात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवलेली.

“ठेवून यायची?” ते म्हणाले. “म्हंजी तवर गाडी रिकामीच की, सूनबाई.”

यादीतलं ते काम अजून बाकी आहे.