शिट्टीवाले अप्पा आणि लायसनचा हत्ती

लोहाऱ्यात आमच्या शेजारी बसलिंगअप्पा राहतात. त्यांच्या घरी गेलात तर चहा मिळेल, सुपारी मिळेल, पण किती वेळ बसायचं हे तुमच्या हातात नाही. अप्पांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक पितळी शिट्टी असते. तुमचं बसणं पुरेसं झालं असं त्यांना वाटलं, की ते ती फुंकतात आणि ओरडतात, "उतरा! पाळी संपली!" मग तुम्ही तलाठी असा, व्याही असा, नाहीतर तोंडात घास असलेले पाहुणे असा. थोरल्या जावयाला पहिल्याच दिवाळसणात दुसऱ्या पुरणपोळीवर शिट्टी बसली. तो गडी जो उठला तो एसटी स्टँडवर जाऊनच थांबला. शिट्टीचा आवाज असा, की उमरग्याकडं निघालेली एसटी गावाबाहेर गेली असली तरी ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा.

यात अप्पांचा दोष नाही. साऱ्या हयातीत त्यांनी एकच धंदा केला. जत्रेजत्रेतून लाकडी जनावरांचा चक्री-पाळणा फिरवला. माणूस म्हणजे चढणारा आणि उतरणारा, एवढीच त्यांची समजूत. जत्रांचा हंगाम संपला की ती जनावरं आमच्या दोघांच्या सामाईक अंगणात येऊन पडत. आमच्या आईचे उडदाचे पापड सिंहाच्या पाठीवर वाळले आणि माझ्या बनियनी उंटाच्या मानेवर. मी बाराखडी शिकलो तीही एका कान तुटलेल्या घोड्यावर बसून. त्यामुळं आजही 'ज्ञ' काढताना मी थोडा पुढं-मागं होतो.

अप्पांना जगात एकच वैरी. ईट गावचे रज्जाकभाई. त्यांचाही तसलाच पाळणा. आमच्या महादेवाच्या जत्रेत लिंबाखाली अप्पा आणि बरोबर समोर रज्जाकभाई, ही जागा ठरलेली. दोघांचे कर्णे एकमेकांच्या तोंडावर रोखलेले. अप्पा एका कर्ण्यातून कानडीत "बा, बा, बा" करून सीमेपलीकडची पोरं बोलवायचे, तर रज्जाकभाई दुसऱ्यातून "आव रे बच्चों, वो बुढ्ढे का पाळणा कुरकुरता" म्हणून ती पळवायचे. मध्ये गोडीशेवेचा वास, डिझेलचा धूर, आणि कुणाकडं जावं ते न कळून रडणारी आम्ही पोरं. सुख म्हणतात ते हेच असावं. पुढं दुसरं काही तसं आढळलं नाही.

पण एवढ्या हाडवैरातही एक रीत होती. दोघं तरुण असताना एकदा कुणाच्या तरी पाळण्याचा खिळा निसटला. कुणाचा, यावर आजवर एकमत नाही. कुणाला लागलं नाही, पण दोघंही हादरले. तेव्हापासून ठरलं, की जत्रेत पहिली फेरी समोरच्या मालकानं घ्यायची. तो बसणार, फिरणार, उतरून खोट काढणार, मगच पोरं चढणार. मी एकदा विचारलं, "अप्पा, तुमचा पाळणा तुम्हीच का नाही तपासत?"

"आपल्या पाळण्याचं आपल्याला भ्या वाटत न्हाय," अप्पा म्हणाले.

"मग एखादा मित्र बसवायचा."

"मैतर भीड धरतोय. खोट काढायला वैरीच पायजे. लेकरं बसत्यात त्यावर. उतरा, पाळी संपली!"

तर दरवर्षी रज्जाकभाई शिव्या देत यायचे, बसायचे, उतरून म्हणायचे, "दांडा कुरकुरता, अप्पा." मग अप्पा शिव्या देत पलीकडं जायचे, बसायचे, उतरून म्हणायचे, "लई हालतंय तुझं." दोघं आपापले खिळे पुन्हा ठोकायचे आणि मग दिवसभर कर्ण्यांवरून एकमेकांचा उद्धार.

पुढं टीव्हीवर भोपू नावाचा एक निळा हत्ती आला. सोंडेनं भोंगा वाजवायचा आणि चोर पकडायचा. पोरं वेडी झाली. दोघांनीही एकाच हंगामात आपापल्या पाळण्यावर भोपू रंगवून घेतला. अप्पांचा पेंटर ट्रकचे नंबर टाकणारा, त्यामुळं त्यांच्या भोपूच्या पाठीवर 'हॉर्न ओके' आलं. तरी धंदा झाला. मग एक दिवस कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, हा हत्ती आमचा आहे, परवान्याशिवाय काढता येणार नाही. अप्पा हसत बसले. रज्जाकभाई मात्र गुपचूप जाऊन परवाना घेऊन आले. पुढच्या जत्रेत त्यांच्या सगळ्या जनावरांच्या जागी हत्तीच हत्ती! प्रत्येकाच्या कपाळावर कंपनीचा चकचकीत स्टिकर. कर्णा दिवसभर एकच ओरडत होता, "असली भोपू, लायसनवाला भोपू!" अप्पांच्या पाळण्यावर त्या साली कावळेसुद्धा बसले नाहीत.

अप्पांनी विचार केला, लायसन म्हणजे काय? तर मान. जत्रेत पालखीला खांदा देण्याचा एका घराचा मान, पहिल्या नैवेद्याचा दुसऱ्या घराचा, तसा हा हत्तीचा मान. आणि मान मागायचा तर रीतीनं जावं लागतं. त्यांनी धोतर नेसलं, नारळ, टॉवेल-टोपी, पान-सुपारी घेतली आणि मला सोबत घेऊन पुण्याला कंपनीच्या काचेच्या हाफिसात गेले. दारात भोपूचा माणूसभर उंच पुतळा होता. अप्पांनी आधी त्याच्यापुढं विडा ठेवला, मग त्याच्या डोक्यावर टोपी घातली. मग साहेबापुढं बसले. साहेब म्हणजे जीन्स घातलेला कोवळा मुलगा.

"काका, तुमच्या जिल्ह्याचे हक्क एकाला दिलेत."

"देताना चार माणसं बसवली व्हती का?"

"नाही, करार झालाय."

"हत्तीला इचारलं का?"

साहेब लॅपटॉपमध्ये करार शोधू लागला. अप्पांनी शिट्टी काढली आणि त्या काचेच्या हाफिसात अशी फुंकली, की तीन मजल्यांवरचे कर्मचारी खाली उतरले. आग लागली असं वाटून. आम्हीही त्यांच्याबरोबर उतरलो आणि तसेच घरी आलो.

परत येताना जीपमध्ये अप्पा बोटांवर एकेक जनावर मोजत होते. लोहारा दिसू लागल्यावर म्हणाले, "हत्ती त्यांचा. म्हैस कुणाची?"

त्यातून गिरजा म्हैस जन्मली. बाभळीच्या लाकडाची, शिंगं कानाकडं वळलेली, डोळे थेट आमच्या हेडमास्तरांसारखे. टीव्हीवर तिचं काहीच नव्हतं, म्हणून अप्पांनी कर्ण्यावरून तिच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. गिरजा चंद्रावर गेली, पण धारेची वेळ झाली म्हणून माघारी आली. गिरजेनं एका दमात तेरणा पिली, म्हणून तर आज नदी कोरडी. पोरं गोष्ट ऐकायला यायची आणि ऐकता ऐकता पाळण्यावर चढायची. समोरून रज्जाकभाई ओरडायचे, "म्हशीला लायसन है क्या?"

अप्पा उलट ओरडायचे, "म्हैस घरची हाय, रज्जाक्या! तुझा हत्ती भाड्याचा!"

तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. अप्पाही हसायचे.

मग हायवेला मोठा पार्क झाला. पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फाची खोली आणि काय काय. कंपनीनं भोपू तिकडं दिला. रज्जाकभाईंना सगळ्या हत्तींवर राखाडी रंग फासावा लागला. पोरं विचारायची, "चाचा, याचं नाव काय?" आणि ज्या माणसाचा कर्णा तीन गावं उठवायचा, तो माणूस नुसता सोंडेवरून हात फिरवायचा. यंदा जत्रेआधी बातमी आली, की रज्जाकभाईंनी पाळणा मोडीत काढला.

अप्पांनी पेढे वाटले. मला दोन दिले. स्वतः खाल्ला नाही.

जत्रेच्या दिवशी दुपारी मी गेलो, तर लिंबाखाली ही गर्दी! गिरजेवर बसायला पोरांची रांग थेट पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि पाळणा उभा. अप्पा पाय रोवून पुढं. जत्रा कमिटीचे पाटील घामाघूम झालेले.

"अप्पा, चालू करा की."

"पहिली फेरी झाली न्हाय."

"मी बसतो," मी म्हणालो.

"तू भीड धरशील."

"अप्पा, लेकरं रडायलीत," पाटील म्हणाले. "आणि समोरची जागा तुम्ही मोकळी का ठिवलीय? फुगवायच्या घसरगुंडीवाला सकाळधरनं मागं लागलाय. चार वाजेपर्यंत पाळणा फिरला न्हाय, तर ह्यो लिंबसुदीक त्याला देऊन टाकतो. मग ठिवा तुमची म्हैस अंगणात!"

मी अप्पांकडं पाहिलं. लिंबाची जागा गेली म्हणजे पाळणा गेला, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ते हलले नाहीत. कर्णा उचलला, समोरच्या मोकळ्या मातीवर रोखला आणि सुरू झाले, "अरे रज्जाक्या! हत्ती गेला म्हणून पाय मोडला का तुझा? भ्यालास व्हय माझ्या म्हशीला?" समोर कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं, ते उठून गेलं. अप्पांचा आवाज मात्र चढतच राहिला. त्यांचा आवाज चिरकलेला मी पहिल्यांदा ऐकला.

चार वाजायला थोडं कमी असताना स्टँडकडून माणसांनी खच्चून भरलेली वडापची जीप आली. मागून गुडघा धरत एक म्हातारा उतरला.

"ईटला ऐकू आलं रे, बुढ्ढे," रज्जाकभाई म्हणाले. "पुरी जीप हसत होती माझ्यावर."

मी मघाशी शिट्टीबद्दल थोडं वाढवून सांगितलं असेल. हे मात्र वाढवून सांगत नाही.

रज्जाकभाई लंगडत गिरजेवर चढले. अप्पांनी पाळणा फिरवला. हळूहळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. रज्जाकभाई उतरले, दांडा हलवून पाहिला. "कुरकुरता," म्हणाले. अप्पांनी घण घेतला, खिळा ठोकला, आणि पोरं तुटून पडली. पाटलांनी कपाळ पुसलं.

मला वाटलं संपलं. पण अप्पांनी पाळण्याचा दांडा माझ्या हातात दिला आणि ते समोरच्या मोकळ्या जागेत चालत गेले. बरोबर जिथं पहिला हत्ती असायचा, तिथं धोतर सावरून मातीत बसले. पाठीमागून रज्जाकभाई आले.

"क्या करता अप्पा? पाळणा कुठाय?"

"माझी फेरी ऱ्हायलीय," अप्पा म्हणाले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. अंघोळीलाही न निघणारी ती शिट्टी त्यांनी रज्जाकभाईंच्या हातात दिली, आणि हत्तीची सोंड धरावी तसे स्वतःचे गुडघे घट्ट धरले.

रज्जाकभाईंनी शिट्टी गळ्यात अडकवली. मग त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्याभोवती लंगडत चालायला लागले. एक फेरी, मग आणखी एक. माझ्या बाजूला पोरांचा कल्ला चाललेला, आणि तिकडं दोन म्हातारे, एक बसलेला, एक फिरणारा.

"अप्पा," थोड्या वेळानं रज्जाकभाई म्हणाले, "पाळी खतम हुई क्या रे?"

"शिट्टी कुणाकडं हाय?"

"मेरेकू दिया ना तू."

"मग गप फिरव की."