गुलाबरावांच्या फळ्यावरचं भेव

"आज भेव किती आणे?"

कोरोनाच्या दिवसांत पिंपळगाव राजात तुम्ही कपाशीचं बियाणं घ्यायला जा, फवारणीचं औषध घ्यायला जा, नाहीतर नुसतेच सावलीला उभे राहा, कृषी केंद्रवाले गुलाबराव आधी हाच प्रश्न विचारायचे. उत्तर दिल्याशिवाय थैलीला हात लावत नसत. ज्याला आजाराची अजिबात भीती नाही त्याने 'काहीच नाई' म्हणायचं, ज्याची पार गाळण उडाली आहे त्याने 'सोळा आणे' म्हणायचं, आणि मधल्यांनी आपापल्या जिवाला विचारून सांगायचं. आणे बंद होऊन जमाना लोटला, पण गुलाबरावांच्या मते टक्केवारी शाळेत असते, भीती मोजायची ती आण्यांत.

उत्तर मिळालं की त्यांची नजर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे जायची.

"बारा आणे भेव अन् रुमाल खिशात? भेव तुह्या खिशाले वाटून राह्यलं काय बे?"

दुपारी दुकानाबाहेरच्या फळ्यावर, जिथे एरवी कोणतं बियाणं आलं ते लिहायचे, तिथे दिवसाचा निकाल लागायचा. 'गावाचं भेव: दहा आणे. तोंडाले फडकं: चार आणे.' मी गणिताचा मास्तर. हा हिशेब कसा करता म्हणून एकदा मी विचारायला गेलो.

"मास्तर, बैलाचं वय कसं पाह्यता? जन्माचा दाखला मांगता का त्याले?"

त्यांचा अंदाज बरोबर असायचा असं मुळीच नाही. एकदा खुद्द माझ्या बायकोला त्यांनी नुसतं दुरून पाहून दोन आण्यांत बसवलं होतं. ती बिचारी विषाणू मरावा म्हणून निवडलेली भाजीसुद्धा उन्हात ठेवत होती.

गावाने मात्र त्या फळ्याचा भलताच अर्थ लावला. एके दिवशी 'भेव: चार आणे' लिहिलेलं दिसलं आणि लोकांना वाटलं, आजारच चार आणे उरला! बाजार फुलला, मास्क खुंटीला गेले, वरच्या आळीतल्या एकाने त्या भरवशावर पोराच्या लग्नाला सगळ्या सोयऱ्यांना बोलावणं धाडलं. गुलाबराव संतापले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिसरी ओळ आली: 'गावाची अक्कल: काहीच नाई.'

पोलीस पाटील धावत आले. "पुसा हा सगळा फळा. भेवाचे आकडे वाचून लोकं भेतेत."

"मी भेव इकतो का, पाटील? मोजतो. फळा माहा, खडू माहा. पुसाचं असन तं आधी तुमचं किती, ते सांगा."

पाटलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "चौदा." त्यांचा मास्क हनुवटीवर होता. तो त्यांनी वर ओढला आणि आले तसे गेले. ओळ आठवडाभर तशीच राहिली.

लोक म्हणायचे, गुलाबराव कोरोनाने बिघडले. खोटं आहे. माणूस आधीपासूनच असा होता. बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा बोंडअळीची कटकट मिटली असं सगळ्यांना वाटलं. अळीला बीटी पचायला लागू नये म्हणून थैलीत शेताच्या कडेने लावायला साध्या बियाण्याचं छोटं पाकीट यायचं, ते लोक बांधावर फेकून द्यायचे. पुढे गुलाबी अळी आली आणि फवारण्या वाढल्या. तेव्हापासून गुलाबराव गिऱ्हाइकाच्या तोंडाला फडकं बांधल्याशिवाय औषधाची बाटली देत नाहीत. दुकानात खिळ्याला जुन्या धोतराचे तुकडे टांगलेले असतात. न मागता मिळतात, नको म्हटलं तरी बांधले जातात.

कारण त्यांचा धाकटा भाऊ नारायण. त्याने तेव्हा ह्याच दुकानातून बाटली नेली, उघड्या तोंडाने, उलट्या वाऱ्यात फवारणी केली. "मले काही होत नाई," म्हणून हसत गेला होता. दवाखान्यातून परत आला नाही. गुलाबराव हे कोणाला सांगत नाहीत, गावाला माहीत आहे म्हणून मला माहीत आहे.

शेजारच्या दुकानात मजीदभाई गाद्या भरतात. दोघं शाळेपासूनचे मित्र. अख्ख्या गावात रोज 'काहीच नाई' म्हणणारा हा एकच माणूस.

"जिंदगीभर रुईची धूळ खाल्ली म्यां. कोरोना काय करन? मले काही होत नाई."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की गुलाबरावांचा चेहरा उतरायचा आणि आवाज चढायचा. "मजीद, एक आणा तं म्हन ना बे! माह्यासाठी म्हन!" मजीदभाई हसत सुईत दोरा ओवायचे.

"अन् तुमचं किती, गुलाबराव?" मी एकदा विचारलं.

"मोजनाऱ्याचं मोजत नसतेत," म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं.

मग मजीदभाईंनाच ताप आला. तपासणीत कोरोना निघाला, गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले. दम लागत होता, पण दवाखान्याचं नाव काढू देईनात. बायको-पोरं विनवून थकली. गुलाबराव रोज सकाळी बांबूच्या अलीकडे खुर्ची टाकायचे, तोंडाला दुहेरी फडकं बांधायचे आणि ओरडायचे, "मजीद, आज किती?"

"काहीच नाई!" खिडकीतून उत्तर यायचं. रोज जरा बारीक आवाजात.

एका सकाळी दूध घेऊन मी तिथेच उभा होतो. गुलाबरावांनी विचारलं, उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. मग आतून खोकला आला आणि त्यामागून आवाज.

"सोळा."

गुलाबराव उठले आणि बांबू ओलांडून सरळ खिडकीपाशी गेले. बांबूपाशी पहाऱ्याला असलेले पाटील मागून ओरडत होते, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"सोळा एकट्यानं कायले बाळगतं बे? आठ इकडं दे. राह्यलेले आठ घेऊन खामगावच्या दवाखान्यात चाल."

खिडकीचं अर्धवट दार आतून पुरतं उघडलं. मग मजीदभाई म्हणाले, "हाव. चाल."

रुग्णवाहिका आली. सोबत कोणी चालणार नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. "फवारणीत जल्म गेला माहा, तोंड बांधून बसाचं मले नोको शिकवू," म्हणत गुलाबराव पुढच्या सीटवर चढले. दुकानापाशी गाडी थांबवून ते खाली उतरले आणि फळा पुसून त्यांनी एकच ओळ लिहिली: 'दुकानदाराचं भेव: आठ आणे.'

कोणी ती ओळ पुसली नाही. पुढे लोक फळ्यापाशी आले की आपोआप तोंड झाकायचे.

मजीदभाई परत आले तेव्हा कपाशीला पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागल्या होत्या. अंगाने पार वाळून गेले होते. त्यांनी आपल्या गादीच्या कापडाचा जाडजूड मास्क शिवून घातला होता. काठी टेकत फळ्यापाशी आले, ती ओळ वाचली आणि बाहीने पुसून टाकली.

"माहे आठ आणे वापस दे."

"खर्च झाले बे," गुलाबराव म्हणाले, आणि पाठ फिरवून फळीवरच्या बाटल्या नीट लावू लागले. त्या आधीच नीट लावलेल्या होत्या.