चमचाभर माती

गच्चीवरच्या परीक्षानळ्यांमधली शेवटचीही निळी झाली, तशा सूनबाई मटकन खालीच बसल्या.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"सगळ्या निळ्या झाल्या. निम्म्या लाल राहायला हव्या होत्या."

सूनबाईंचं संशोधन मुळांशी राहून रोपाला पोसणाऱ्या जिवाणूंवर होतं. मातीत ते आहेत की नाहीत हे ओळखायला त्यांनी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं लालचुटुक द्रावण बनवलं होतं. जिवाणू भेटले की ते निळं व्हायचं, नाही तर लालच राहायचं. प्रयोगशाळेत रंगकाम निघालं म्हणून कुंड्या घरी आणल्या होत्या. निम्म्यांत जिवाणू सोडलेले, उरलेल्यांत नुसती भाजून निर्जंतुक केलेली माती. तिथली रोपं अगदीच मरतुकडी होती, पण त्यांनी तसंच राहणं हाच तर प्रयोग होता. आता ही पद्धत साव आणि चोर दोघांनाही चोरच म्हणू लागली, तर प्रबंध बुडालाच. आणि मार्गदर्शक बाई तासाभरात बघायला येणार होत्या.

सूनबाईंनी नळ्या पुन्हा धुतल्या, पाणी बदललं, द्रावण नवं घेतलं. तरी निळं ते निळंच.

"म्हणजे सोन्याची मातीच झाली," नवरा म्हणाला आणि बायकोची नजर बघून निमूटपणे भांडी घासायला गेला.

"बाबा, तुम्ही कुंड्यांना हात लावला होता का?"

"मी? मी कशाला लावू?" सासरे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

या गृहस्थांनी जन्मात एक चूक कबूल केलेली नव्हती. स्वतःच्या चष्म्यावर बसले, तरी दोष चष्म्याचा असे. त्यामुळे पुढे विचारण्यात अर्थ नव्हता.

बाई आल्या, नळ्या बघितल्या आणि खुर्चीत न बसताच म्हणाल्या, "पद्धतच चुकतेय. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल." सूनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

वर्तमानपत्राची घडी झाली. सासरे दारात येऊन उभे राहिले.

"तिचं काही चुकलेलं नाही. ती रोपं उपाशी दिसत होती. काल मी चांगल्या कुंड्यांतली चमचा-चमचा माती त्यांना घातली."

"सुनेसाठी सासरे काहीही सांगतील," बाई म्हणाल्या. "पुरावा काय?"

एरवी खोटं बोलून पचवणाऱ्या माणसाचं खरं बोलणं कुणी मानेना. ते चांगलेच घायकुतीला आले.

"अहो, हिला दिसू नये म्हणून भिंतीकडच्या बाजूला उकरून घातली. दुसऱ्या बाजूला हातसुद्धा लावलेला नाही."

सूनबाईंना एकदम आठवलं. भिंतीकडची माती भुसभुशीत लागली, म्हणून नमुने तिथूनच घेतले होते. त्यांनी मरतुकड्या रोपांच्या कुंड्यांतली दुसऱ्या बाजूची माती काढली, पाण्यात कालवली, गाळून थेंब सोडला. द्रावण लालच राहिलं. पुढच्या कुंडीचंही लाल. त्या सगळ्याच कुंड्यांचं लाल.

"चमचाभर माती, तीही कालची, आणि तरी सापडली," बाई आता खुर्चीत बसल्या. "पद्धत उत्तम आहे. रोपं मात्र वाया गेली, ती नव्याने लावा."

सूनबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

सासरे घुटमळले. "वाया गेलीच आहेत, तर आता त्यांना पोटभर घालायला हरकत नाही ना?"

बाईंनी त्या मरतुकड्या रोपांकडे बराच वेळ पाहिलं.

"मलाही एक चमचा आणा," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं मी अशी रोपं नुसती बघतच आलेय."