जागा धरणारे नाना

आमच्या शेजारचे नाना गायकवाड स्वतः कुठंही जात नाहीत, पण भोरच्या एसटी स्टँडवर रोज सकाळी दुसऱ्यांसाठी जागा धरतात. गाडी फलाटाला लागते न लागते तोच त्यांचा रुमाल खिडकीतून आत गेलेला असतो. मग गर्दीतली एखादी लेकुरवाळी किंवा काठी टेकत येणारे आजोबा हेरायचे, त्यांना सीटवर बसवायचं, रुमाल झटकून खिशात घालायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. नाना याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. "नोकरीत असताना नियम पाळाया लागायचा, बाई. आता मोकळा हाय," असं ते मला सांगतात. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून सगळं भोर मला अजून बाईच म्हणतं.

तुम्ही नातवंडं लहानपणी आला होतात, तेव्हा नानांनीच तीन रुमाल आणि एक टोपी टाकून आपल्यासाठी मागची अख्खी सीट अडवली होती. कंडक्टर रागावला, तर नाना त्यालाच म्हणाले, "परदेशातली पाव्हणी हायेत, उभी ऱ्हायली तर तालुक्याचं नाव जाईल."

हे वेड स्टँडपुरतं असतं तर प्रश्न नव्हता. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या बाकावर, दवाखान्यात, नाना सगळीकडे रुमाल टाकतात. दाताच्या दवाखान्यात त्यांनी माझ्यासाठी धरलेली खुर्ची खुद्द डॉक्टरांची होती. स्मशानात तेवढा रुमाल खिशातच राहतो. स्वतः मात्र नाना बसलेले क्वचितच दिसतात. त्यांना कुणी जागा दिली, की म्हणणार, "मला नको, एखाद्या बाईमाणसाला द्या."

नोकरीत असताना त्यांनी आपला मोबाईल नंबर अर्ध्या तालुक्याला वाटला. लोक अजून गाड्यांच्या वेळा विचारतात. त्यामुळे नाना फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नाहीत. "बोला, कुठं जायाचं?" म्हणतात.

नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा मस्कतला गॅरेजमध्ये आहे, आणि त्याची मुलगी तन्वी तिथंच जन्मली, तिथंच बारावी झाली. पण दर मे महिन्यात ती गावी पासलीला, नानांच्या भावाच्या शेळ्यांत असायची. एका वर्षी आई मेलेलं करडू तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलं आणि जाहीर केलं, की मी जनावरांची डॉक्टर होणार. यंदा तिनं इकडच्या पशुवैद्यकीय कॉलेजला अर्ज केला. वडिलांनी अट घातली: महिनाअखेरपर्यंत नंबर लागला तर जा, नाहीतर मस्कतलाच अकाउंट्स शिकायचं.

तो इंग्रजीतला अर्ज माझ्या जेवणाच्या टेबलावर भरला गेला. तन्वी व्हिडिओवर, नाना माझ्या मागे उभे. स्थानिक पालक या रकान्यात दहा आकडी भारतातला नंबर हवा होता. नाना म्हणाले, "बाई, तुमचाच टाका. काय इचारलं तर म्या काय सांगणार?" मी म्हटलं, पालक तुम्ही, तर नंबरही तुमचाच हवा. नाव एकाचं आणि नंबर दुसऱ्याचा, असला अर्ज मी आयुष्यात भरलेला नाही. नानांनी आपला नंबर सांगितला. इंग्रजीच्या बाबतीत ते माझ्याशी वाद घालत नाहीत.

पहिल्या यादीत तन्वी नव्हती. प्रतीक्षा यादीत नववी होती. तिच्या मैत्रिणी आपापल्या कॉलेजांना निघून गेल्या होत्या, मस्कतला बाहेर ऊन असं की संध्याकाळपर्यंत दार उघडायची सोय नाही. ती एकटी खोलीत बसून कॉलेजचं पान उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची आणि मला विचारायची, "बाईआजी, अंडर प्रोसेस म्हणजे चांगलं की वाईट?" तिला धीर कसा द्यावा ते मला कळत नव्हतं. नानांना ते बरोबर कळलं. "नऊ म्हंजी काय लई न्हाई, पोरी. नऊ माणसं तर शिवऱ्याच्या थांब्यालाच उतरत्यात." ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

माणसं खरंच उतरत गेली. सात, चार, दोन. इकडे नानांनी पुढची खोली रिकामी केली. तन्वी आता शनिवार-रविवारी येणार म्हणून खाट आणली, टेबल आणलं आणि टेबलाचा डुगडुगणारा पाय स्वतः ठोकून सरळ केला.

एका दुपारी ते चहाला आले ते खुशीत. "आज गंमत झाली, बाई. कुणी पोरगी फोनवर म्हणती, सीट रिकामी झालीय, तुमाला पायजे का. पुढचं काय ऐकूच येईना, म्हाडची गाडी लागलेली, ही गर्दी. म्या म्हणलं, मला न्हाई कुठं जायाचं, एखाद्या बाईमाणसाला द्या. तर म्हणती, नक्की का काका? म्हणलं, व्हय व्हय, नक्की."

मी हसले. संध्याकाळी तुमच्या आईलाही फोनवर तो किस्सा सांगितला. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला 'सीट' या शब्दाचा दुसरा अर्थ त्या वेळी आठवला नाही.

तिसऱ्या दिवशी तन्वीनं यादीचा फोटो पाठवला. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, की स्थानिक पालकांनी दूरध्वनीवर जागा नाकारली. मी कॉलेजला फोन केला. जागा भरली होती आणि तन्वीचं नाव यादीतून निघालं होतं. जागा एका मुलीलाच मिळाली होती, नानांच्या म्हणण्याप्रमाणे.

तन्वीला म्हटलं, मला काही समजत नाही. नानांना म्हटलं, यादी पुढे सरकलीच नाही. दोन्ही खोटं होतं. नाना "बरं" म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला खरं सांगून काय मिळवायचं? तन्वी मस्कतला अकाउंट्स शिकू लागली.

गेल्या आठवड्यात तिचा सहज फोन आला. परीक्षा, जेवणखाण असं बोलणं झालं आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तन्वी, तो नंबर माझा टाकायला हवा होता गं. चूक माझी झाली."

ती म्हणाली, "बाईआजी, मला माहीत आहे. यादी आली तेव्हा बाबांनी ती आजोबांना फोनवर वाचून दाखवली, आणि त्याच संध्याकाळी आजोबांचा मला फोन आला. म्हणाले, माझ्या हातनं झालं, पोरी, म्या सीट सोडली. रडत होते. आणि म्हणाले, बाईंना यातलं काय कळू देऊ नको. नंबर त्यांनी लिवलेला. त्यांच्या जिवाला लागंल."

नाना रोज दुपारी चहाला येतात. कुठली गाडी उशिरा आली, कोण कुठं बसलं ते सांगतात. मी ऐकते. मला सगळं कळलं आहे, हे मी त्यांना अजून कळू दिलेलं नाही.