कपाटावरचे जावईबापू

रिमोटने बंद केलेला एसीसुद्धा गुपचूप थोडी थोडी वीज पीत बसतो, हे मीटररावांनी कुठेतरी वाचलं आणि त्यांची झोपच उडाली. मीटरराव हे ऑफिसात पडलेलं नाव. जेवायला उठताना ते दुसऱ्यांच्या टेबलावरचेही पंखे बंद करत. आता घरातल्या एसीचं बटण होतं नेमकं कपाटाच्या वर, छताजवळ.

"आज त्या बटणाच्या नादी लागू नका," कामावर निघताना बायकोने बजावलं. "दुपारच्या गाडीने आई येतेय. मागच्या वेळी तिला स्टेशनवर ताटकळत ठेवलंत. आज पुन्हा तसं झालं, तर मी तुमची बाजू घेणार नाही हं!"

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. जावई म्हणजे कसाबसा वरच्या वर्गात ढकललेला मुलगा, असं त्यांचं ठाम मत. ते आज बदलायचंच, म्हणून मीटरराव बरेच आधी तयार होऊन बसले. घात झाला तो या रिकाम्या वेळाने.

ते स्टुलावर चढले. हात पोचेना. मग पोटावर सरपटत कपाटावर गेले, बटण बंद केलं आणि उतरायला पाय खाली सोडला. पायाला स्टूल सापडलं आणि लगेच आडवंही झालं.

उडी मारायला गुडघे तयार होईनात. मोबाइल खाली पलंगावर. खिडक्या बंद, त्यामुळे मारलेल्या हाका घरातच फिरल्या. वर उकडून जीव नकोसा झाला. बटण हाताशी होतं, रिमोट खिशात होता.

"पाचच मिनिटं," असं स्वतःला बजावून त्यांनी एसी लावला. आधी बरं वाटलं, मग हुडहुडी भरली. कपाटावर जादाच्या रजया होत्याच. एक अंगावर ओढली. आता एसी बंद करायचा तर हात बाहेर काढावा लागणार होता. तेवढ्यात डोळा लागला.

जाग आली ती बायकोच्या आवाजाने. "अहो! फोन उचलत नाही, स्टेशनवर पत्ता नाही! शेवटी मीच धावत जाऊन तिला घेऊन आले. आणि तुम्ही माझ्या आईला घाबरून कपाटावर लपलात?"

"छे गं! मी एसी बंद करायला चढलो होतो!"

तिघांनीही एसीकडे पाहिलं. तो जोरात चालू होता.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, चक्क माया होती.

"ओरडू नकोस गं त्यांना. भित्री मुलं ओरडून सुधारत नाहीत, त्यांना सवय करून द्यावी लागते." त्यांनी बॅग खाली ठेवली. "जावईबापू, मी दोनच दिवस राहणार होते. आता महिनाभर राहते."

बायकोने स्टूल उभं करून दिलं. मीटररावांनी रजई डोक्यावरून घेतली.