दत्तूअण्णांचा बोलका डबा

आमच्या शेजारचे दत्तूअण्णा मीटर लावल्याशिवाय कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवत नाहीत. माझ्या टॉर्चचे सेल मोजले, रिमोटचे मोजले. एकदा मी बोलत असताना माझं कानाचं मशीन मागून घेतलं आणि त्याचाही सेल मोजला. तोवर मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं नाही. अण्णा शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं वायरमन होते. तोंडात एकच, "आक्का, आधी मोजायचं, मग जोडायचं." माणूस कंटाळवाणा. मी तोंडावर सांगितलंय.

त्यांची बायको शालन. तिला विसरायचा आजार झाला आणि ती दार उघडून चालू लागायची. अण्णा मागं धावले की वळून विचारायची, "पावणं, तुम्ही कोण?" चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला पावणं. माझी हाक मात्र तिला कळायची. मग अण्णांनी पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर आणला, डब्यात बसवला, त्याची वायर दाराला जोडली आणि माझा आवाज त्यात भरला. दार उघडलं की डबा बोलायचा, "शालन, माघारी ये, चहा टाकलाय." ती "आले गं" म्हणून आत वळायची.

तुमचाच आवाज का नाही भरला, मी विचारलं.

"आक्का, ती मला भितीया."

एके दुपारी लाईट गेली, डबा मुका झाला. शालन रंकाळ्यावर पाण्याच्या कडेला सापडली. तिला घरात बसवून अण्णांनी स्कूटरची बॅटरी काढून आणली. बॅटरी बारा व्होल्टची, डब्याला लागतात पाच. मधे व्होल्ट उतरवणारी एक छोटी पट्टी असते, तिचा बारीक स्क्रू फिरवून पाच करायचे, मग जोडायचं. अण्णा सारखे वळून शालनकडं बघत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी न मोजता जोडलं. जळका वास आला, डबा गेला.

नवा येईपर्यंत चार दिवस ते उंबऱ्याशी आडवे झोपले. शालन त्यांना पायानं ढोसून म्हणायची, "पावणं, वाट सोडा." नवा आला तेव्हा पट्टीवर पाच आलेत का ते तीनदा मोजलं आणि मगच जोडला. पुन्हा डबा कधी मुका झाला नाही.

शालन वारली त्याला सहा महिने झाले. अण्णा अजून रोज सकाळी बॅटरी मोजतात. दूध आणायला निघाले की माझाच आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतो. एकदा मी चिडून गेले. म्हटलं, काढा ते. मेलेल्या बाईला मी किती हाका मारू?

अण्णा चपला घालत होते. म्हणाले, "आक्का, ह्या हाकंवर ती 'आले गं' म्हणायची. तेवढा वेळ थांबतो आणि मग जातो."

मी घरी आले.

आता रोज त्यांचं दार वाजतं, डबा बोलतो, अण्णा उंबऱ्यात थांबतात. तेवढा वेळ मी भांडी वाजवत नाही.